भिंतीवर चौक लिहिण्याबाबत

कोणत्याही कलेला सर्वांत मोठा धोका ती कला ज्यांची आहे त्यांच्यापासूनच असतो, म्हणून तिला त्यांच्या हातून सोडवणं हे सुसंस्कृत समाजाचं पहिलं कर्तव्य ठरतं. आमच्या पाड्यावर ते कर्तव्य ‘वारली उत्तरीय संवर्धन केंद्र’ चार वर्षं मनोभावे बजावत आहे. (उत्तरीय म्हणजे स्कार्फ. पण स्कार्फ कुणीही विकतो.) केंद्राचा पत्रव्यवहार माझ्याकडे असतो, त्यामुळे जे लिहिते ते कागदाला धरून. कुणाला उणं बोलावं असा माझा हेतू नाही.

उत्तरीय दिसायला फार गोड. गेरूच्या रंगाचं मऊ सुती कापड, त्यावर पांढऱ्या रेघांत लग्नचौक: मधोमध पालघाट देवी, भोवती झाडं, डोंगर, नाचणारी माणसं. पूर्वी हा चौक सवासिनी तांदळाच्या पिठानं घराच्या भिंतीवर लिहीत, तोही फक्त लग्नाच्या दिवशी. पुढे चुलीच्या धुरानं तो काळा होऊन जाई. म्हणजे वर्षाला पाच-सहा चौक, आणि तेही नाशवंत. केंद्रानं गेल्या वर्षी सात हजार चौक छापले, एकही लग्न न लावता.

इतकी मौल्यवान गोष्ट कुणीही उठून काढू नये, म्हणून संयोजिका सुलेखा मॅडमनी चौकाची केंद्राच्या नावावर नोंदणी केली आणि पाड्यावरच्या एकोणीस सवासिनींचे अंगठे घेतले. (अंगठ्याच्या वर काय लिहिलं आहे ते वाचून दाखवण्यात आलं. इंग्रजीतून.) त्यातलं कलम सात असं: हा चौक केंद्राच्या कापडाखेरीज इतरत्र लिहिता येणार नाही. ‘इतरत्र’मध्ये भिंत येते.

लग्नसराई नसल्यामुळे कलम सात बरेच दिवस कुणाला त्रास न देता पडून होतं. मग बुधी तुंबडाचं लग्न निघालं.

बुधी आणि काकड्या बावीस वर्षं एकत्र नांदताहेत. इथे संसार आधी मांडतात, लग्न जमेल तेव्हा लावतात. पण ते लावावं लागतंच, कारण आईबापाचा चौक झाल्याशिवाय लेकीचा होत नाही. लेक मंगळीचं लग्न शुक्रवारी ठरलेलं, म्हणून आईचं बुधवारी. चौक नाही तर आईचं लग्न नाही, आईचं नाही तर लेकीचं नाही. बुधी केंद्रात आली ती ही साखळी घेऊन, सोबत जेठी आजीला घेऊन. जेठी आजी धवलेरी. पाड्यातली लग्नं तीच गाऊन लावते.

“मॅडम, एक भिंत द्या,” बुधी म्हणाली. “हाय माझीच. पण तुमच्याकडनं मागते.”

“अगं, चौकच हवा ना तुला? मग उत्तरीय ने की! तीन दिवसांसाठी देते. टांग भिंतीवर. फक्त हळद लागू देऊ नकोस.”

जेठी आजी म्हणाली, “पालघाट घडी घालून येती व्हय? कंबर मोडंल तिची.”

“आजी, अस्सल आहे तो. शिक्का आहे बघा कोपऱ्यात.”

“शिक्का ऱ्हाऊ दे. लिवताना गायलं कोण?”

“गायलं?”

“गाण्याबिगर ती येत न्हाय. तुमच्या मशिनीला गाता येतं का?”

हा मुद्दा तांत्रिक असल्यामुळे पुरवठादाराकडे माहिती मागवण्यात आली. (उत्तर: सध्याच्या मशिनीत ती सोय नाही, नव्या मशिनीत होऊ शकेल.) उत्तर मंगळवारी आलं. बुधवारी सकाळी सवासिनींनी बुधीची भिंत गेरूनं सारवली आणि परवानगीविना चौक लिहिला.

मॅडम दुपारी भिंग, फूटपट्टी आणि मंजूर नमुना घेऊन पोचल्या. जेठी आजीचं गाणं थांबलं. बुधी हळदीच्या अंगानं उंबऱ्यात उभी राहिली, शेजारी मंगळी. दोघींनी एकमेकींचा हात इतका घट्ट धरला होता की हळद एकीची दुसरीला लागली.

तपासणी पाऊण तास चालली. तेवीस त्रुटी निघाल्या. रेघा सरळ नाहीत. डावा डोंगर उजव्यापेक्षा मोठा. देवीचे हात नमुन्यापेक्षा दोन बोटं लांब. मंजूर यादीत नसलेल्या कोंबड्या चार. एक सायकल. (काकड्याची.)

मॅडमचा चेहरा हळूहळू उजळला. अहवालाचा निष्कर्ष मी स्वतः लिहून घेतला: सदर चित्र नोंदणीकृत चौक नसून त्याची निकृष्ट नक्कल आहे, सबब त्यास कलम सात लागू होत नाही. खाली ‘बनावट’ असा शिक्का मारून तो कागद देवीच्या डाव्या हाताशी चिकटवण्यात आला.

“काय लिवलंय गं?” जेठी आजीनं मला विचारलं.

“हा चौक खोटा आहे असं.”

“म्हंजी लगीन लावू?”

“लाव.”

तिनं गाणं सोडलं होतं तिथूनच उचललं.

तर बुधवारी बुधीचं आणि शुक्रवारी मंगळीचं, अशी दोन लग्नं बनावट चौकासमोर लागली. दोन्ही संसार नीट चालू आहेत. अस्सल चौक आपल्याकडे, म्हणजे वाचकांकडे आहेत. सत्काराला, संमेलनाला आपण ते गळ्यात घालून जाता, घातलेले ठेवूनच जेवता. देवीला असं गळ्यात घेऊन उष्ट्याखरकट्यात बसावं का, याची मला आपल्यासाठी रुखरुख लागली, म्हणून एक उत्तरीय मी जेठी आजीपुढे ठेवलं. तिनं ते उलटंसुलटं करून उजेडात धरलं, बराच वेळ पाहिलं आणि घडी घालून माझ्या हातात दिलं.

“घालू दे बाय त्यांना, खुशाल जेवू दे,” ती म्हणाली. “ह्याच्यात कोनीबी न्हाय.”