बघ्यांचा सिद्धांत आणि नुसरतचा गालिचा

माणसाचं मन आपल्याला पुरतं कळलं, असं नझीरने यंदा रजा मंजूर झाली त्याच दिवशी जाहीर केलं! बहरीनमध्ये अरादच्या खोलीपासून मीना सलमान बंदराच्या गोदामापर्यंत कंपनीच्या बसमध्ये तो मोबाइलवर मानसशास्त्राचे व्हिडिओ बघायचा. जाताना एक सिद्धांत, येताना एक. बारा वर्षं स्टोअरकीपरी करून कंबर गेली होती, गुडघे चालले होते. डोकं तेवढं न वापरल्यामुळे नवं राहिलं होतं.

आणि डोकं लढवायची वेळही आली होती. नझीरच्या खाटेखाली एक गालिचा होता. तपकिरी, जाडजूड, अठरा किलोचा. गावच्या नव्या घरात हॉलमध्ये अंथरायला नुसरतने, म्हणजे त्याच्या बायकोने, मागितलेला. पण दोन वर्षं तो खाटेखालीच राहिला. कारण कोकणातला माणूस गावी निघाला की आख्खं बहरीन त्याच्या बॅगेत शिरतं! कुणाची दूध पावडर, कुणाचं अत्तर, कुणाच्या आईचं ब्लँकेट. "थोडंसंच हाय रे" म्हणत आणतात आणि मग स्वतःचे कपडे काढून ठेवावे लागतात. यंदा इरमला, त्यांच्या मुलीला, बघायला पाहुणे येणार होते. नुसरतने फोनवर साफ सांगितलं होतं, "ह्या वेळी गालिचा नाय, तर तुमी पण नको!"

"कुणाला सांगू नको. गुपचूप विमानात बस," खोलीतला सोबती बासित कांदा चिरता चिरता म्हणाला.

"ते अडाण्याचं काम!" नझीर म्हणाला. "बघ्यांचा सिद्धांत ऐकलायस? रस्त्यात माणूस पडला आणि शंभर जण बघत असले, तर कोणी उचलत नाय. प्रत्येकाला वाटतं, दुसरा उचलेल. एकटा असेल तो मात्र धावतो."

"मग?"

"मग मी एकेकाला सांगितलं, तर एकेक जण धावणार. सगळ्यांना एकदम सांगितलं, तर प्रत्येकाला वाटणार की दुसऱ्यांनी बॅग भरलीच असेल. कोणी येणार नाय!"

बासितने डोळ्यांतलं पाणी पुसलं. निदान नझीरला तरी ते कांद्याचं वाटलं.

झालं! नझीरने गावकऱ्यांच्या ग्रुपवर लिहिलं, 'शुक्रवारी गावी जातोय. कुणाला काही पाठवायचं असेल तर आणा. संकोच करू नका.' आणि सिद्धांताच्या भरवशावर तो आडवा झाला.

डोळा लागतोय तोच दार वाजलं. जवळच्या हिद्दहून जैनुद्दीन आला होता, हातात दुधाच्या पावडरीचे डबे. "तूच एक असा निघालास की आपणहून विचारलंस. अल्ला तुला बरकत देवो!" त्याच्या पाठोपाठ इलियास खजुराचा खोका घेऊन आला. मग नुमान, सासऱ्यासाठी रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन! लोक जिन्यात थांबून एकमेकांना सलाम करत होते. नझीर प्रत्येकाला "आणा, आणा" म्हणत होता आणि आतून ढासळत होता.

तरी त्याने नेट धरला. सगळं बॅगेत कोंबलं, आपल्या लुंग्या काढल्या, तराजूवर चढवलं. विमानाच्या वजनात गालिच्यापुरती जागा बरोबर उरली! "बघ! सिद्धांत थोडा हलला, पण पडला नाय!" तो बासितला म्हणाला.

गुरुवारी दुपारी तौकीरभाय आला. हा गावचा सख्खा शेजारी, अजरा त्याची बायको. ह्यानेच शब्द टाकून नझीरला इथे नोकरी लावली होती, त्यामुळे त्याच्यापुढे नझीरच्या तोंडून 'नाही' कधी फुटलंच नव्हतं. तौकीरभायच्या खांद्यावर लांबलचक गुंडाळी होती, तीही अठरा किलोची.

"नुसरतने अजराला सांगितलंन, आमच्याकडं गालिचा येणार. तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाय! तू लिवलंस ना, संकोच करू नका? आता नाय केला!"

नझीरने घसा खाकरला. शब्द आला तो "ठेवा" एवढाच. अदलाबदल करावी, असंही मनात येऊन गेलं. पण हा गालिचा लालभडक, आणि अजराने तो व्हिडिओ कॉलवर डोळे भरून पाहिलेला!

तौकीरभाय जाताच नझीरने ग्रुपवर लिहिलं, 'माझा एक गालिचा आहे. पुढच्या फेरीला कुणी नेईल का?' निळ्या खुणांची रांग लागली. सगळ्यांनी वाचलं. कोणी हूं की चूं केलं नाही!

"सिद्धांत खरा हाय रे तुझा," बासित म्हणाला. "प्रत्येकाला वाटलं, दुसरा नेईल."

"तू ने ना मग."

"मी कवा जातो ते मी कुणाला सांगतच नाय."

शनिवारी सकाळी मुंबईहून रात्रभर आदळत आलेली जीप दारात थांबली. नझीरचे डोळे मिटत होते. नुसरतने हॉलमधली जुनी चटई गुंडाळून ठेवली होती, फरशी लख्ख पुसली होती. नवऱ्याच्या खांद्यावर गुंडाळी दिसताच तिने दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या. "आला गे! अजरा, बघ!"

अजरा दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडे उभीच होती. तिच्या मागे पोरंसोरं, शेजारणी, जीपचा ड्रायव्हर. सगळे बघत होते. अठरा किलो खांद्यावर घेऊन नझीर मधोमध उभा. आता कोणीतरी पुढे यावं, कोणीतरी बोलावं! कोणी बोललं नाही. प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा बोलेल.

"आत आणा ना, तिथं काय उभे?" नुसरत म्हणाली.

"नझीरभाय, इकडं," अजरा हळूच म्हणाली.

नझीर वळला तो गडग्याकडे. मागे वळून बघायची त्याला हिंमत झाली नाही.

लाल गालिचा अजराकडे टाकून तो परत आला, तेव्हा दार बंद होतं. त्याने कडी वाजवली, हाका मारल्या, इरमलाही हाक मारली. बऱ्याच वेळाने दार वीतभर उघडलं आणि आतून ती गुंडाळलेली जुनी चटई तेवढी बाहेर आली.

नझीरने ती ओसरीवर अंथरली. दमला होता बिचारा. झोप लगेच लागली.