गिरमाजीपंत कारभारी यांनी पोलंड देशाचा अभ्यास केला त्याची हकीकत

श्री शंकानिवारकाय नमः। महाराज हल्लीं दुसऱ्याचे मुलखांत भाड्याचे बंगल्यांत राहतात, तेथून आज्ञा जाहली कीं, आपले राज्य नकाशावर होते तें कोठे गेले, हें साद्यंत लिहोन पाठवावे. लिहिताना कोणाची भीड धरूं नये आणि कोणावर विनाकारण संशय घेऊं नये. पैकी पहिले जमेल. शके १८८१, विकारीनाम संवत्सरे, कार्तिक मासीं या प्रकरणास आरंभ जाहला, तें वर्तमान येणेप्रमाणे.

राज्य लहान, परंतु नीटनेटके. पश्चिमेस डोंगराचा कडा, आणि उत्तरेस, पूर्वेस, दक्षिणेस एकेक शेजारी. तिन्ही बाजूंस जमीन तळहातासारखी सपाट, मध्यें ना नदी ना घाट, त्यामुळे दावे तोडून सुटलेली म्हैस दुपारपर्यंत परमुलखांत पोहोचे आणि तिची धार तिकडेच निघे. राज्याचे कारभारी गिरमाजीपंत. माणूस हुशार, हाताचा स्वच्छ, कामास वाघ. परंतु स्वभाव संशयी. कोणी रामराम केला तर आधी मागे वळून पाहत कीं हा कोणास केला, आणि आपणांसच केला असे ठरले म्हणजे मग कां केला, याचा विचार दिवसभर करीत. त्यांचे कुटुंब चिमाबाई म्हणत, "आमटी खारट झाली तरी यांना त्यांत उत्तरेकडच्यांचा हात दिसतो." यावर पंत आमटी बाजूस सारीत.

या दरबारची एक चाल होती, ती सांगितल्याविना पुढील मजकूर उमजणार नाही. मसलत बसली म्हणजे चांदीचे तबकांत विडे येत, बारा सरदारांचे बारा आणि कारभाऱ्यांचा तेरावा. ज्यास मसलत मान्य त्याने विडा उचलून तोंडांत घालावा. एकानेही उचललेला विडा तबकांत परत ठेविला तर ती मसलत रद्द. इतकेच नव्हे, तर त्या बैठकींत आधी जें जें मंजूर जाहले असेल तेंही सर्व रद्द. यास सरदार लोक आपला मान समजत, आणि मानास जपत. सरदार हैबतराव कोळवडेकर यांनी एकदां विड्यांत गुलकंद कमी म्हणोन विडा परत ठेविला, तेव्हां एक पूल, दोन शाळा आणि सरहद्दीची चौकी एका दमांत बुडाली. चौकी पुढे जाहलीच नाही. हैबतराव यांनी आयुष्यांत कशासही मनापासून रुकार दिला नव्हता. महाराजांचे राज्यारोहणासही ते विहिरीचे काम निघाले म्हणोन आले नव्हते.

तर कार्तिकांत पत्र आले कीं, पोलंड देशाचीं कांही माणसे आपले भेटीस येऊं इच्छितात. मागे मोठे युद्धाचे धामधुमींत त्या देशच्या बायकामुलांस आपले राज्यांत आश्रय दिला होता, माळावर छावणी बांधून दिली होती, आणि तीं मुले चार वर्षे आपली भाकरी खाऊन आणि आपल्या मुलांशीं विटीदांडू खेळून परत गेलीं होतीं. तीं आतां मोठीं जाहलीं आणि आभार मानावयास उन्हाळ्यांत येणार. महाराजांस संतोष जाहला आणि आज्ञा केली कीं, पाहुण्यांसमोर वेडेवाकडे प्रश्न जाऊं नयेत, सबब सर्व दरबाराने पोलंड देशाचा अर्वाचीन इतिहास आणि भूगोल शिकून घ्यावा. गिरमाजीपंतांस मात्र संतोष जाहला नाही. ते घरीं येऊन बोलिले, "आभार मानायला कोणी एवढ्या लांबून येतं का? पत्र पाठवून भागलं असतं." चिमाबाई बोलल्या, "तुम्ही कधी मानलेत का कोणाचे, म्हणजे कळेल?"

शिकविण्याचे काम प्रोफेसर तेलंग यांजकडे आले. ते विलायतेस राहून आलेले, आणि वैशाखांतही कोट घालीत, त्यामुळे पंतांचे नजरेंत आधीपासून होतेच. पहिले दिवशीं तेलंगांनी भिंतीवर पोलंडचा जुना नकाशा टांगला. देश ऐसपैस, उत्तरेस समुद्र, दक्षिणेस डोंगर, आणि पूर्वपश्चिम दोन्ही बाजू सताड उघड्या. मग त्यावर दुसरा नकाशा टांगला, त्यांत देश आकसलेला. मग तिसरा, त्यांत आणिक आकसलेला. आणि मग चौथा टांगला, त्यांत देशच नाही. पंत उठोन नकाशाजवळ गेले, नकाशा उलटून मागील बाजू पाहिली, आणि बोलिले, "प्रोफेसर, देश कुठे ठेवलात?"

तेलंग बोलिले, "शेजाऱ्यांनी वाटून घेतला, पंत. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया, तिघांनी तीन घासांत. सव्वाशे वर्षं नकाशावर नव्हता."

"रशिया आणि प्रशिया. नांवं जुळ्या भावांसारखी दिसतात. एकाच घरचे नव्हेत ना? दोन नांवांनी वाटणी मागायची रीत आमच्याकडेही आहे."

"घरं वेगळीं होतीं, पंत."

"असं ते सांगतात," पंत बोलिले.

मग तेलंगांनी सांगितले कीं, पहिले महायुद्धानंतर देश पुन्हा नकाशावर आला, दुसऱ्या युद्धांत पुन्हा चिरडला, आणि युद्ध संपल्यावर मोठ्या राष्ट्रांनी त्याची पूर्वेकडील जमीन काढून घेतली आणि पश्चिमेकडे दुसऱ्याची काढून दिली, ऐसा तो देश उचलून बाजूस सरकविला. यावर दरबारांत कुजबूज जाहली, कारण रात्रींत शेताचा बांध कोरणारे भाऊबंद सर्वांनी पाहिले होते, परंतु अख्खे शेत सरकविणारा कोणी पाहिला नव्हता. हैबतराव बोलिले, "देश आहे का बैलगाडी?" सर्व हांसले. पंत हांसले नाहीत. त्यांणी भिंतीवरील नकाशा पाहिला, मग खिडकीबाहेर आपला सपाट मुलूख पाहिला.

पुढील धड्यांत तेलंगांनी देश कां बुडाला त्याचे कारण सांगितले. पोलंडचे सरदारांची सभा भरे, तींत एकाने जरी उठोन 'मला मान्य नाही' म्हटले तरी मसलत मोडे आणि त्या सभेचे सर्व ठराव रद्द होत. त्यामुळे फौज वाढेना, वसूल वाढेना. आणि शेजाऱ्यांचे लक्षांत आले कीं, देश जिंकण्यास फौज कशास, एक सरदार फितविला म्हणजे पुरे. हे ऐकतांच बाराही सरदारांनी विड्यांचे तबकाकडे पाहिले. पंतांनी विचारिले, "मग त्यांनी ती चाल मोडली नाही?" तेलंग बोलिले, "मोडली. नवा कायदा केला. पण फार उशिरा. पुढच्याच वर्षी रशियाची फौज आंत आली."

त्याच आठवड्यांत तिन्ही शेजाऱ्यांचे वकील एकाच मोटारींतून आले आणि मोठ्या प्रेमाने बोलिले कीं, सरहद्दीचा घोळ फार जुना आहे, तरी चैत्रांत आम्ही तिघे मिळोन मोजणी करूं, आपण तसदी घेऊं नये. पंतांनी त्या तिघांस एका ताटांतील लाडू वाटून खातांना पाहिले आणि ते तडक महाराजांकडे गेले. बोलिले, "महाराज, चैत्राच्या आंत विड्याची चाल मोडली पाहिजे. मग चौकी बसवूं, फौज ठेवूं, मोजणीला आपली माणसं उभी करूं. नाहीतर पोलंडची मुलं आपल्याकडे आली होती, तशी आपली मुलं कुठल्या माळावर जातील, ते सांगतां येत नाही." महाराजांस पटले. परंतु चाल मोडण्याची मसलतही विड्यानेच मंजूर होणार, त्यास इलाज नव्हता.

मग पंतांनी पौष आणि माघ खपोन एकेक सरदार गांठला. ज्याचे घरीं नवा पलंग दिसला त्यास विचारिले, पलंग कोणीं दिला. ज्याचा मुलगा परमुलखांत शिकतो त्यास विचारिले, काय शिकतो, आणि खरेंच शिकतो काय. परंतु सांगितले सर्वांस एकच, पोलंडचे वर्तमान, आणि तेंही कळवळून सांगितले. तेलंगांसही त्यांणी एकांतीं धरिले आणि विचारिले, "तुम्हाला नेमका हाच देश कसा येतो?" तेलंग बोलिले, "पंत, मला जर्मनीही येतो." तेव्हांपासून पंतांस दोन संशय जाहले.

फाल्गुन शुद्ध दशमीस दरबार भरला. आधी फौजेची मसलत निघाली, सर्वांनी विडे घेतले, पंतांनीही घेतला. मग चौकीची निघाली, दुसरे तबक आले, सर्वांनी घेतले. मग विड्याची चाल मोडण्याची मसलत निघाली आणि शेवटचे तबक फिरूं लागले. पहिल्या सरदाराने घेतला, दुसऱ्याने घेतला, कोणी कुरकुर केली नाही, कोणी चुन्याचे नांव काढले नाही. तबक हैबतरावांपाशीं आले. हैबतरावांनी विडा उचलला, पाहिला, आणि तोंडांत घातला. महाराजांनी सुटकेचा श्वास सोडिला. तबक पंतांपाशीं आले, त्यांत एकच विडा उरला होता. पंतांनी तो उचलला, आणि तोंडापर्यंत नेलेला हात तेथेच थांबला.

ते हैबतरावांकडे झुकून हळूच बोलिले, "आपण कसा घेतलात?"

"पटलं म्हणून घेतला."

"पटलं? तुम्हाला?"

"दोन महिने पोलंड पोलंड करून कान किटवलेत माझे, पंत. जन्मांत एकदां पटलं तर काय फांशी देतां?"

पंत सरळ बसले. हैबतरावांस कधीं कांही पटले नव्हते. गुलकंदही पटला नव्हता. आणि आज तेच नव्हेत, बाराचे बारा, एका सुरांत, चुन्याचीही तक्रार न करितां! ऐसा एकोपा या दरबारांत स्वयंभू निघणे शक्यच नाही. तो कोणी बाहेरून आणविला असला पाहिजे. मग पंतांचे मनांत एकेक धागा जुळत गेला. चाल मोडली म्हणजे पुढे तेरांपैकी सात जणांचे बहुमताने राज्य चालणार; म्हणजे सात विकत घेतले कीं राज्य लिहोन देतां येणार, आणि अडविणारा एकटा कोणी उरणार नाही. पोलंडचा इतिहास शिकविला तेलंगांनी, तो शिकविण्यास निमित्त जाहले पाहुणे, पाहुण्यांचे पत्र आले टपालाने, आणि टपाल येते उत्तरेकडून! महाराज बोलिले, "पंत, विडा." तेलंग पाठीमागून काकुळतीने बोलिले, "पंत, घ्या हो." तें काकुळतीने बोलणेच शेवटास भारी पडले. पंतांनी विडा तबकांत परत ठेविला.

येणेप्रमाणे फौज गेली, चौकी गेली, आणि चाल राहिली. चैत्रांत तिन्ही शेजारी मोजणीच्या साखळ्या घेऊन आले, तेव्हां निषेध करावा म्हणोन दरबार भरला. परंतु निषेधाचे शब्द हैबतरावांस कडक वाटले, सबब तोही राहिला. उत्तरेकडील साखळी आणि दक्षिणेकडील साखळी चावडीपुढे एकमेकींस भिडल्या, तेव्हां मोजणी पुरी जाहली आणि राज्यही पुरे जाहले.

उन्हाळ्यांत पोलंडचे पाहुणे आले तों आभार कोणाचे मानावे हा प्रश्न पडला. त्यांत एक बाई होत्या, लहानपणीं छावणींत वाढलेल्या, त्यांस मराठी येत होते. त्या विचारीत विचारीत पंतांचे ओसरीवर आल्या आणि सर्व हकीकत ऐकून डोळे पुसून बोलल्या, "काका, आमच्याकडेही अस्संच झालं होतं."

पंत ताठ होऊन बोलिले, "अजिबात नाही. तुमच्याकडे कट फत्ते झाला. आमच्याकडे बाराच्या बारा फुटले होते बाई, अगदी हैबतरावसुद्धां. मी एकटा होतो म्हणून तो हाणून पाडला."

चिमाबाईंनी बाईंस आंत बोलावून नेले आणि भाकरी वाढली. त्या आंत गेल्यावर पंतांनी ओसरीवरून रस्त्याचे दोन्ही बाजूंस निरखून पाहिले कीं, या बाईंबरोबर आणिक कोण आले आहे.

तात्पर्य, राज्य फितुरीने गेले ऐसे लोक म्हणतात, तें खरें नव्हे. लेखकाने पुष्कळ शोध केला, परंतु फितूर एकही सांपडला नाही. सांपडला असता तर निदान राज्याची किंमत तरी कोणास मिळाली असती. महाराजांस कळावे. लिहिणाराचे नांव विचारूं नये, पंत अद्याप हयात आहेत.