शिट्टी न मारणारा राजा

पोपट बघायला जायचं म्हटलं की आमच्या शालनमावशी कपाटातलं इरकल बाहेर काढतात. मुलगी बघायला जावं, तशाच जातात. यजमानांनी कांदेपोहे करायचे, पिंजरा मधोमध ठेवायचा आणि मग मावशी चष्मा सारखा करून विचारणार, "कूळ कुठलं?"

मावशी मूळच्या साताऱ्याकडच्या. वाशीच्या मार्केटात मसाल्याच्या पेढीवर नोकरी करून निवृत्त झाल्या, लग्न केलं नाही. खारघरच्या आमच्या सोसायटीत कुणालाही पक्षी आणायचा तर आधी त्यांची पसंती लागते. हा अधिकार त्यांना कुणी दिला, हे विचारायची आमची टाप नाही.

पहिल्या मजल्यावरच्या कदमवहिनींनी कौतुकानं 'लव्हबर्ड'ची जोडी आणली. राधा आणि किसन. मावशींनी एक नजर टाकली. "दुकानदारानं टोपी घातली तुला. ह्या बजरी हायत, स्वस्तातलं बारकं पोपट. आन् दोन्ही नर हायत. नाकावरची पट्टी निळी दिसंना व्हय?" वहिनी अजून एकाला राधाच म्हणतात, पण हळू आवाजात. दुसऱ्या एकानं गळ्यात कंठ असलेला हिरवागार पोपट दाखवला, तेव्हा मावशी पोह्यांना शिवल्याही नाहीत. "ह्यो रानातला. पाळायला कायद्यानं बंदी हाय. आधी वनखात्याला फोन लाव, मग चहा टाक."

थोडक्यात, मावशी चुकत नाहीत. असं सोसायटी मानते आणि मावशी तर मानतातच.

गेल्या वर्षी शेजारच्या नितीनला कॉकाटील हवा होता, तो तुरेवाला राखाडी पोपट. करंजाड्याचं एक कुटुंब घर सोडून चाललं होतं, ते आपला पक्षी देणार होते. नितीनची अट एकच. "मावशी, नरच पायजे. तो शिट्टीवर गाणी म्हणतो. मादी असली तर कॅन्सल."

आम्ही तिघं गेलो. तिथं कळलं की याआधी दोन घरांनी हा पक्षी नेऊन परत आणून दिला होता, शिट्टी मारत नाही म्हणून. पक्षी चांगला वयात आलेला. तोंड पिवळं नाही, शेपटीखाली आडवे पट्टे. मावशींच्या संगतीत मलाही एवढं कळायला लागलंय. मादी. मी तोंड उघडणार, तोच मावशींनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. बाईंचं वजन काही थोडंथोडकं नाही.

"नर हाय," मावशी म्हणाल्या. "कवळा हाय अजून, लाजतोय. व्हईल पिवळा, मारंल शिट्टी. घिऊन चल."

नितीननं नाव ठेवलं राजा. राजा पिवळा झाला नाही. शिट्टीचं तर नावच नको. ऑफिसच्या मीटिंगा चालू असताना नितीनच्या खांद्यावर झोपायचा तेवढा.

आणि परवा राजानं अंडं घातलं.

लिफ्टमध्ये, गेटवर, सगळीकडे एकच विषय. मावशींचा नर बाळंत झाला म्हणे. मी वर गेलो तर मावशी टीव्ही बंद करून बसलेल्या.

"तुम्हाला तिथंच कळलं होतं ना? मग कशाला स्वतःचं हसं करून घेतलंत?"

"हसू देत." बराच वेळ त्या पदराच्या काठाशी चाळा करत राहिल्या. "मला बी लई जण बघून गेले रे. पोहे खायचे, हासून बोलायचे, आन् मागनं निरोप यायचा, जमत न्हाई. माझ्यासाठी एक खोटं बोलणारं कुणी भेटलं न्हाई." मग म्हणाल्या, "आता नितीन आणून दील तिला. मी ठेवीन की. पर परत धाडलेलं तिला कळंल, त्याचं काय करू?"

तेवढ्यात बेल वाजली. दारात नितीन, केस विस्कटलेले, चेहरा रडवेला.

"मावशी, चला ना जरा. अंड्यावरनं उठतच नाय. खात पण नाय काय. हिला काय होणार नाय ना? मला जाम टेन्शन आलंय."

मावशी चपला न घालताच त्याच्यामागे धावल्या. "आरं बाळंतीण हाय ती, घाबरतोस काय," हे जिन्यावरून ऐकू आलं, आवाज मात्र रडका होता.

दार सताड उघडं. मी तिथंच बसून राहिलो. खरं सांगतो, इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.