सॉनात ठेवलेली प्रत

शनिवारी सकाळी दीड वर्षाच्या केर्टूनं आपल्या वाटीतलं ब्लूबेरीचं सार लॅपटॉपला पाजलं, तेव्हा तिच्या आईच्या, टूलीच्या तोंडून किंकाळी निघाली आणि बापाच्या, किम्मोच्या तोंडून नुसतं, "असू दे."

"असू दे काय? तिचं पहिलं हसू, पहिलं पाऊल, सगळं त्यात आहे!"

"दुसरी प्रत हार्ड डिस्कवर आहे. ती लॅपटॉपच्या शेजारी ठेवायची नसते, म्हणून सॉनात ठेवलीय." किम्मो प्राथमिक शिक्षक होता. बायकोशीही फळ्यासमोर उभं राहिल्यासारखाच बोलायचा.

त्यांच्या फ्लॅटमधला सॉना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायची लाकडी खोली, अडगळीचीच झाली होती. बाकांवर स्की, उन्हाळी टायर, पाळण्याची खोकी. इमारतीतल्या निम्म्या घरांत हेच चालायचं. फक्त किम्मोच्या आईला, राइलीबाईंना, त्यातलं काही ठाऊक नव्हतं. लेकाकडे दर शनिवारी सॉना तापतो, अशी त्यांची समजूत होती आणि लेकानं ती जपली होती.

दुरुस्तीवाल्यानं लॅपटॉप तिरका केला, त्यातून गळणारा जांभळा थेंब पाहिला आणि मान हलवली. तिघं घरी परतली, तर दारातच तापल्या लाकडाचा वास! दुपारी येणाऱ्या राइलीबाई सकाळच्याच बसनं आल्या होत्या. किल्ली त्यांच्याकडे असायचीच.

"आई! सॉना तापवलास?"

"शनिवार नाही का आज?" आतून आवाज आला. "सामान बाल्कनीत टाकलंय. काय रे हा पसारा?"

"गेल्याच आठवड्यात ठेवलं गं."

"तरीच."

डिस्क बाल्कनीत, उणे वीस अंशांत, टायरच्या पोटात सापडली. टूलीनं ती केर्टूच्या लोकरी मोज्यात घातली आणि अंडं उबवावं तशी तासभर पोटाशी धरून बसली. तोवर राइलीबाई दोनदा बाहेर येऊन सरबत पिऊन पुन्हा आत गेल्या. मग किम्मोनं शेजाऱ्यांचा लॅपटॉप आणून डिस्क जोडली. डिस्कनं पासवर्ड मागितला.

"सांग की," टूली म्हणाली.

"लिहून ठेवलाय. सॉनाच्या भिंतीवर, खोक्यांमागे. चोर तिथं कशाला बघतोय?"

"कशानं लिहिलास?"

किम्मोचा चेहरा उतरला. "शाळेतलं निळं स्केचपेन होतं. पाण्यानं जाणारं."

"आणि आठवत नाही?"

"लिहून ठेवल्यावर कोण लक्षात ठेवतं?"

टूली कपडे टाकून आत धावली. भिंतीवर नुसते निळे ओघळ. तिथंच तिला रडू फुटलं.

"अगं, रडतेस काय? वर बस, बरं वाटेल," म्हणत राइलीबाई दगडांवर पाणी ओतायला वाकल्या आणि टूलीचे डोळे विस्फारले. भिंतीला टेकलेल्या त्या रुंद पाठीवर निळी अक्षरं उमटली होती. उलटी, पण सगळी.

"आई, हलू नका! पाठ पुसू नका!"

किम्मो लॅपटॉप घेऊन दाराबाहेर उभा राहिला. टूलीनं आधी मनातल्या मनात वाचलं.

"किम्मो, मोठ्यानं वाचू?"

"हळू वाच," बाहेरून किम्मो म्हणाला.

"हळू का?" राइलीबाई म्हणाल्या. "पाठ माझी आहे. मोठ्यानं वाच."

टूलीनं डोळ्यांसमोर केर्टूचं बोळकं आणलं आणि श्वास घेतला.

"आईला... माहीत... नाही... दोन हजार एकवीस."

दगड चरचरले.

"एकवीस," राइलीबाई म्हणाल्या. "म्हणजे गेला आठवडा."

तेवढ्यात दारापलीकडून, लॅपटॉपमधल्या तीन महिन्यांच्या केर्टूचं खिदळणं ऐकू आलं. टूली टॉवेल गुंडाळून धावली, मागोमाग राइलीबाई. हसू संपलं की किम्मो पुन्हा लावायचा. चौथ्या वेळी राइलीबाईंनी डोळे टिपले, मग पाठ टिपली आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

"नवा पासवर्ड मी घालते. तो माझ्याकडेच राहील. फोटो बघायचे असले की शनिवारी मला फोन करायचा, सॉनात बसून. दगडांची चरचर ऐकू आली, तर सांगेन."