शून्य गळतीचा सराव

वायूला वाचता येत नाही. सुरक्षेच्या क्षेत्रातली निम्मी संकटं त्याच्या या अडाणीपणातून उद्भवतात. गेल्या मंगळवारी शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीनचा सिलिंडर गळून सुरक्षा अधिकाऱ्यांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. अर्थात, असं काहीही घडलेलं नाही.

घडलं ते इतकंच, की सुरक्षेचा सराव झाला. (सराव आधी जाहीर करायची पद्धत आहे. हा नंतर जाहीर झाला, म्हणून जास्त खरा वाटला.)

सुरक्षा अधिकाऱ्यांना सगळे जपूनसाहेब म्हणत, कारण जिना उतरणाऱ्यापासून चहा पिणाऱ्यापर्यंत ते प्रत्येकाला 'जपून' असं बजावत. केंद्राला सलग नऊ वर्षं 'शून्य गळती'ची ढाल मिळाली ती त्यांच्यामुळेच. गळती झाली की ते तिला दुसरं नाव देत : वास, दमट हवा, आणि एकदा तर पंपचालकाचा स्वभाव. दहावी ढाल आली की त्यांची बढती नक्की होती.

आणीबाणीत जमायची जागाही त्यांनीच निवडलेली. क्लोरीन हवेपेक्षा जड, तो सखल भागात उतरतो. म्हणून माणसांनी वारा येतो त्या बाजूला, उंचावर जावं. हे जपूनसाहेबांना तोंडपाठ होतं. पण उंचावर ऊन, आणि मोठ्या साहेबांना ऊन सोसत नाही. तेव्हा फलक लागला सिलिंडरच्या खोलीमागच्या खोलगट बागेत. तिथे सावली आहे, बाकं आहेत, फोटो छान येतात. (साठ टक्के कर्मचाऱ्यांना जागा पसंत आहे. उरलेल्यांना विचारलेलं नाही.)

मंगळवारी व्हॉल्व्ह सैल झाला, भोंगा वाजला. सगळे शिस्तीत बागेत उतरले. पाठोपाठ पिवळट-हिरवा वायूही उतरला. वाचता येत नसूनही फलकापाशी इतक्या वेळेवर हजर होणारा केंद्रातला तो पहिलाच.

"साहेब, वर पळा!" पंपचालक ओरडला.

"हजेरी झाल्याशिवाय कुणीही जागा सोडायची नाही," जपूनसाहेब म्हणाले.

"अहो, हजेरी घ्यायला तुम्ही तरी उराल का?" असं म्हणत पंपचालक टेकाडाकडे सुटला, आणि त्याच्यामागे सगळे. मोठे साहेब त्यालाही मागे टाकून गेले. त्या दिवशी ऊन त्यांना अजिबात लागलं नाही. खाली जपूनसाहेब एकटे. त्यांनी स्वतःचं नाव पुकारलं, 'हजर' म्हणाले आणि आडवे झाले.

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय गेलं छातीत?"

"काही... नाही. सराव होता."

"अहो, ओठ निळे पडलेत तुमचे!" बायको कळवळली. "बढती गेली खड्ड्यात. सांगून टाका ना!"

"सराव," जपूनसाहेब धापा टाकत म्हणाले.

"ठीक आहे." डॉक्टरीणबाईंनी प्राणवायूचा मास्क त्यांच्या तोंडासमोर धरला आणि सिलिंडरच्या चावीवर हात ठेवून त्या शांतपणे थांबल्या. "मग आपण उपचारांचाही सराव करू."

जपूनसाहेबांच्या डोळ्यांपुढून नऊ ढाली गेल्या. दहावी येईना.

"क्लो... रीन!"

चावी फिरली. जपूनसाहेब वाचले.

त्यांचा तो उद्गार चौकशीत 'भूमिकेत शिरून म्हटलेला संवाद' ठरला. केंद्राला दहावी ढाल मिळाली, जपूनसाहेबांना उत्कृष्ट अभिनयाचं प्रशस्तिपत्र, आणि बढती मोठ्या साहेबांच्या मेव्हण्याला. पंपचालकाला मागे टाकून तो टेकाडावर दुसरा पोहोचला होता.

त्या मंगळवारी दुपारी केंद्राचा फोन सारखा खणखणत होता. हवा हिरवी का दिसते, कुणाला काही झालं का, असं एकानेही विचारलं नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच : पाणी कधी सोडताय? त्यातला एक आवाज तुमचा होता. पाणी वेळेवर आलं, तुम्ही प्यालात, घसा जरा खवखवला, तुम्ही हवामानाला दोष दिलात. सहकार्याबद्दल केंद्र आभारी आहे.

तरी सर्व नागरिकांना कळवण्यात येते, की मंगळवारी आलेला खोकला सात दिवसांच्या आत मूळ स्वरूपात केंद्राकडे परत जमा करावा. केंद्राचे कार्यालय आता टेकाडावर हलवले आहे. नागरिकांनी मात्र बागेतच जमावे, आणि हजेरी पूर्ण होईपर्यंत कुणीही श्वास घेऊ नये, ही नम्र विनंती.