सोबिरजानच्या लिंबाचं खास पाणी

उझबेकिस्तानातल्या नमनगान शहरातल्या त्या घरात सकाळचा पहिला नमस्कार व्हायचा तो काचबंद व्हरांड्यातल्या लिंबाच्या झाडाला. झाड मोठ्या मातीच्या कुंडीत होतं. सोबिरजान बस डेपोतून निवृत्त झाले, तेव्हा ड्रायव्हरांनी त्यांना दिलेलं. अकरा वर्षांत त्यांनी ते स्वतःच्या मुलापेक्षा जास्त कौतुकानं वाढवलं होतं, आणि ही तक्रार खुद्द मुलाचीच होती.

जानेवारीत झाड पिवळं पडू लागलं. आधी जुनी पानं. देठापाशी हिरवा त्रिकोण तेवढा शिल्लक आणि बाकी पान हळदीसारखं. मग नव्या पालवीची टोकं वळून वाळायला लागली.

सून मुहय्योनं पहिल्याच दिवशी ओळखलं. ती मृदाशास्त्र शिकलेली. जुन्या पानांना मॅग्नेशियम कमी पडतंय आणि नव्यांना कॅल्शियम, हे तिला पानं वाचून कळत होतं. कारणही कळत होतं, आणि अडचण तिथेच होती. ऑक्टोबरमध्ये सोबिरजाननी स्वतः पसंत करून, स्वतः भांडून, स्वयंपाकघरात पाण्याचा फिल्टर बसवला होता. गावचं पाणी इतकं जड की किटलीत दर महिन्याला पांढरा थर धरायचा. फिल्टर आल्यापासून किटली आतून आरशासारखी. येईल त्याला ते किटलीचं झाकण उघडून दाखवायचे. आणि हेच आसवांसारखं निर्मळ पाणी ते लाडक्या लिंबालाही घालायचे. म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम नि मॅग्नेशियम, झाडाच्या तोंडचा घासच, फिल्टर काढून घेत होता, पण हे सासऱ्याला सांगणार कोण? लग्नाला अवघे पाच महिने झालेली सून?

शिवाय मुहय्योचं घोडंही त्याच लिंबापाशी अडलेलं होतं. गावाबाहेरच्या मोठ्या काचघरांच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी मिळत होती. नवरोजपर्यंत, म्हणजे मार्चमधल्या नववर्षाच्या सणापर्यंत, होकार कळवायचा होता. तिनं विषय काढला तेव्हा सोबिरजान कुंडीकडे बघत म्हणाले होते, "आधी लिंबाला सावरू दे. माझं डोकं ठिकाणावर नाहीये. त्याला नवी पालवी फुटली की बोलू."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी उपचार चालून आले. आधी शेजारचे कोमिल-अका. त्यांनी पांढऱ्या दाण्यांची पिशवी आणली, वर लालबुंद टोमॅटोचं चित्र.

"शुद्ध कॅल्शियम! दुकानदार म्हणाला, यानं दगडालाही पालवी फुटते."

"टोमॅटोचं औषध लिंबाला?" सोबिरजान म्हणाले.

"अहो, टोमॅटोचं चित्र छान आलंय म्हणून तेच घेतलं. आत सगळं एकच असतं."

पाठोपाठ सोबिरजानची थोरली बहीण हनीफा आली. ती औषधांच्या दुकानात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेली. तिच्या हातात मॅग्नेशियाच्या पुड्या होत्या.

"याला पोट साफ करायचं औषध हवंय," तिनं निदान केलं. "पिवळेपणा सगळा पोटातून येतो."

"झाडाला पोट कुठं असतं, आपा?" कोमिल-अका म्हणाले.

"तुम्ही डॉक्टर का?"

आता खरा पेच पडला. आधी कोणाचं औषध घालायचं? कोमिल-अका पाहुणे, आणि पाहुण्याचा मान पहिला. हनीफा थोरली बहीण, तिचा मान त्याहून पहिला. दोघंही चहाचा पेला हातात धरून कुंडीकडे बघत बसली. आपली भेट वापरलेली बघितल्याशिवाय यातलं कुणी उठणार नाही, हे सोबिरजानना पक्कं ठाऊक होतं. चाळीस वर्षं त्यांनी ड्रायव्हरांच्या पाळ्या लावल्या होत्या. त्यांनी मांडीवर थाप मारली.

"दोन्ही एकदम! एकाच झारीत. म्हणजे कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही."

चहा ओतता ओतता मुहय्योचा हात थबकला. ही दोन एकत्र दाट कालवली की काय होतं, हे तिनं परीक्षेत सहा मार्कांना लिहिलं होतं.

"बाबा," ती खाली मान घालून म्हणाली, "एक आज आणि एक पुढच्या आठवड्यात घातलं तर? थोडं थोडं..."

"आमच्या वेळी सुना चहा ओतायच्या," हनीफा म्हणाली, "सल्ला नाही."

मुहय्योनं चहा ओतला.

तोवर सासूबाईही मागे राहायला नको म्हणून आपल्या हाडांच्या दुखण्याच्या फसफसणाऱ्या गोळ्या घेऊन आल्या. सोबिरजाननी पिशवी, पुड्या आणि गोळ्या झारीत ओतल्या, तळाशी तांब्याभर पाणी घातलं आणि पळीनं ढवळलं. बघता बघता पाण्याचं दूध झालं. मग दुधाची साय झाली.

"बघा बघा, काय पौष्टिक दिसतंय!" कोमिल-अका हरखले.

झारी कुंडीवर वाकडी केली. थोडा पांढरा लगदा मातीवर पडला आणि धार बंद. सोबिरजाननी झारी हलवली. काही नाही. तळावर थापा मारल्या. काही नाही.

"तोंडात अडकलंय," हनीफा नळीत डोकावत म्हणाली.

"सरका, मी फुंकतो," असं म्हणून कोमिल-अकांनी वरच्या भोकाला तोंड लावलं आणि गाल फुगवून जी फुंकर मारली, तिनं झारीची चाळणी बंदुकीच्या गोळीसारखी उडाली. ती समोरच्या काचेवर आपटली. मागून आलेल्या लगद्याचा निम्मा भाग हनीफाच्या नव्या रेशमी झग्यावर बसला, आणि उलटा उसळलेला निम्मा कोमिल-अकांच्या भुवयांवर आणि टोपीवर.

"पुसा, लवकर पुसा!" मुहय्यो धावली. "नाहीतर प्लास्टर होईल!"

पुसेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. संध्याकाळी कोमिल-अकांची टोपी टेबलावर ठेवली, तर टणटण वाजत होती. हनीफा जाताना भावाशी बोलली नाही. झारी मात्र आतून अशी भरून गेली होती की तिचा उपयोग आता दार उघडं ठेवायलाच.

सोबिरजाननी नवी हिरवी झारी आणली आणि फर्मान काढलं, "बास! औषधं बंद. आजपासून लिंबाला फक्त फिल्टरचं पाणी. सूनबाई, तूच घालत जा. तुझा हात हलका आहे."

मुहय्यो "बरं, बाबा" म्हणाली. मातीवरचा पांढरा पापुद्रा तिनं चमच्यानं खरवडून काढला. आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे अंगण झाडायला उठली की ती हिरवी झारी अंगणातल्या साध्या नळाखाली धरू लागली. दोन आठवड्यांतून एकदा त्यात मॅग्नेशियाची चिमूट टाकायची, ती हनीफाच्या उरलेल्या पुडीतली. घरात कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

नवरोजला लिंबाच्या सात फांद्यांना नवी पालवी फुटली होती. हिरवीगार आणि टोकापर्यंत सरळ. सोबिरजान सकाळपासून येणाऱ्या जाणाऱ्याला व्हरांड्यात ओढत होते. "शुद्ध पाणी! दुसरं काही नाही, शुद्ध पाणी!"

दुपारी कोमिल-अका आले. कडेवर कुंडी होती आणि कुंडीत हळदीसारखं पिवळं लिंबाचं झाड.

"सोबिरजान," कुंडी दाणकन खाली ठेवत ते म्हणाले, "डिसेंबरात तुमच्याच नादानं मी फिल्टर घेतला. तोच फिल्टर, तेच पाणी. मग तुमचं हिरवं आणि माझं पिवळं कसं? आज मला उत्तर हवंय."

मुहय्यो चहाची किटली घेऊन तिथेच उभी होती. सोबिरजाननी दाढी कुरवाळली.

"तुमच्या पाण्यात खोट नाही, कोमिल-अका. पाणी भरणारा हात लागतो. सूनबाई, यांच्यासाठी आपलं ते खास पाणी भरून आण."

"कुठलं, बाबा?"

"तेच. रोजचं."

कोमिल-अका कुंडीतल्या पानांशी बोलण्यात गुंगले होते. सोबिरजान हिरवी झारी उचलून सुनेजवळ आले. झारी तिच्यापुढे धरून त्यांनी आत बोट दाखवलं. आतून कडेला किटलीत धरायचा तसाच पांढरा थर गोल धरला होता.

"फिल्टरच्या पाण्याला असं कडं धरतं का गं?" ते हळूच म्हणाले.

मुहय्योचे कान लाल झाले.

"तीन आठवडे बघतोय," सोबिरजान म्हणाले. "म्हटलं, आधी पालवी फुटू दे. सोमवारपासून कामावर जा. त्या काचघरवाल्यांना आजच कळव."

"आणि लिंबू, बाबा?"

"लिंबू मी बघीन." ते दाराकडे वळले आणि परत फिरले. "फक्त अंगणातला नळ कुठल्या बाजूनं उघडतो, तेवढं जाण्याआधी दाखवून ठेव. आणि हनीफाला यातलं काही सांगू नकोस. पोटाचंच होतं म्हणेल."