झेंड्याभोवतीची रेघ

देशावर मनापासून प्रेम करायचे तर तो कुणाचा नाही, हे आधी ठरवावे लागते. टेंभुर्णीचे सरपंच रामराव यांना हे १९९७ साली, स्वातंत्र्याला पन्नास वर्षे होताना उमगले. (तोवर गाव नुसतेच प्रेम करत होते.)

निमित्त कुल्फीवाल्या भंवरलालचे झाले. राजस्थानातून येऊन गावात राहिलेल्या या माणसाने आदल्या वर्षी झेंडावंदनाला राष्ट्रगीत अथपासून इतिपर्यंत न चुकता म्हटले. बाकी गाव मधल्या ओळींना नुसते ओठ हलवत होते. याला आगाऊपणा म्हणतात.

सुवर्णमहोत्सवाच्या तोंडावर राष्ट्राभिमान समिती बसली. ठराव असा, की झेंड्याभोवती चुन्याच्या फक्कीची रेघ मारावी आणि आत फक्त गावात जन्मलेल्यांनी यावे. झेंडा अर्थात रामरावांनीच चढवायचा. त्यासाठी त्यांनी नवा फेटा आणला होता आणि आठ दिवस आरशासमोर ताठ उभे राहून पाहिले होते.

ग्रामसेवक केशव यांनी जन्माची नोंदवही तपासली. गावच्या ३८७ सुना बाहेरच्या निघाल्या. (चालण्यासारखे होते, त्यांना कुणी बोलावलेच नव्हते.) पण समितीच्या नऊपैकी एकाचेही नाव वहीत सापडेना. नऊही जण घरातले थोरले होते. रामराव तडक आईकडे गेले.

"पहिलटकरीण माहेरालाच जाती," गोजरबाई म्हणाल्या. "तू परतूरला झाला. मला काय ठावं व्हतं, तू म्होरं रेघ मारणार म्हून?"

रामरावांना त्या रात्री जेवण गेले नाही. सकाळी त्यांनी तातडीची दुरुस्ती मांडली, की बाळंतपणापुरती सुनांच्या माहेरची त्रेसष्ट गावे टेंभुर्णीतच धरावीत. (परतूरला अद्याप कळवलेले नाही.) त्यावर गावातच जन्मलेल्या तमाम धाकट्या भावांनी हरकत घेतली.

"हे बराबर न्हाई, दादा," रामरावांचा धाकटा भाऊ वसंता म्हणाला. "घर तुमचं, बैल तुमचे. देश तरी आमच्याकडं राहू द्या."

अखेर मध्यम मार्ग निघाला. झेंड्याला साठ हात लांब दोर लावला. पंधरा ऑगस्टला रामराव रेघेबाहेर उभे राहून तो ओढू लागले, पण एकट्याने झेपेना. शेजारी भंवरलालच होता. त्याने हात लावला आणि झेंडा चढला. रामरावांचा ऊर भरून आला. दोर खुंट्याला बांधत ते भंवरलालला हळूच म्हणाले, "बाहेरचे लई झालेत गावात."

समितीत अजून दोन जागा रिकाम्या आहेत. अर्ज करायची गरज नाही. ही हकिकत वाचताना 'लिहिणारा मूळचा कुठला?' असे ज्यांच्या मनात येऊन गेले, त्यांची नावे घेतली आहेत.